मूळ फाइलला हात नाही: घरच्या फोटो-गॅलरीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४

चार हार्ड डिस्क, दोन जुने फोन, सीडींचं एक खोकं आणि बाबांनी अल्बमची पानं स्कॅन करून ठेवलेला एक फोल्डर. आज सगळं एका डिस्कवर उतरवून झालं. मोजणी ५८,३१२ फाइली. त्यातल्या बऱ्याच दुबार-तिबार असणार, पण आज काहीही पुसायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

तयार सॉफ्टवेअर असताना स्वतः का लिहायचं, हे दादाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पिविगो २००२ पासून चालू आहे, फोटोप्रिझम आहे, इमिच आहे, तिन्ही आपापल्या सर्व्हरवर बसवता येतात. पहिली दोन मी वापरून पाहिली आणि ती चांगली आहेत. माझी गरज थोडी निराळी आहे. घरातल्या माणसांनी फोटोखाली मराठीत लिहिलेलं नेमकं सापडलं पाहिजे. तारीख माहीत नसेल तर 'साधारण अमुक साली' असं लिहिता आलं पाहिजे, आणि यंत्राने ते समजून घेतलं पाहिजे. उद्या मी हा सर्व्हर बंद केला तरी नुसता फोल्डर उघडून कुणालाही सगळं वाचता आलं पाहिजे. शेवटच्या अटीवर मी सगळ्यात जास्त अडून आहे.

म्हणून पहिला नियम आजच घातला: मूळ फाइलला हात लावायचा नाही. फिरवायची नाही, तारीख सुधारायची नाही, नाव बदलायचं नाही. नुसतं ठरवून भागत नाही, म्हणून गॅलरीचा प्रोग्रॅम ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला मूळ फोल्डरात लिहिण्याची परवानगीच ठेवली नाही. थंबनेल (फोटोंच्या छोट्या प्रती), डेटाबेस, बाकी सगळा पसारा दुसरीकडे.

१३ जानेवारी

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे आतल्या बाइटांवरून निघणारा एक ठसा, काढला. बाइट न् बाइट सारख्या फाइली बाजूला केल्यावर ४१,२०७ उरल्या.

पण डोळ्यांना एकच आणि बाइटने वेगळे असे फोटो राहिलेच. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत लहान आकारात पुन्हा दाबलेली असते, शिवाय तिच्यातली एक्झिफ माहिती (कॅमेरा फोटोच्या फाइलीतच तारीख, वेळ वगैरे लिहून ठेवतो ती) गेलेली असते, त्यामुळे तिचा हॅश मूळ फोटोशी कधीच जुळणार नाही. त्यासाठी डीहॅश लिहिला. चित्र ९ × ८ पिक्सेलच्या करड्या ठिपक्यांवर आणायचं, प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन ठिपक्यांतला कुठला उजळ ते पाहायचं, की ६४ बिटांचा ठसा तयार होतो. दोन ठशांत किती बिट वेगळे आहेत ते मोजायचं. पाचपर्यंत फरक असेल तर 'बहुधा एकच' असं धरलं.

चाळणी लावली आणि लगेच थांबवली. आजीचे अंगणातल्या बाकावरचे दोन फोटो, दोन बिटांचा फरक. चाळणीने मोठी फाइल ठेवून लहान लपवली होती. मोठीत आजीचे डोळे मिटलेले आहेत, लहानीत ती कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. ९ × ८ ठिपक्यांत डोळे मावत नाहीत.

ठरवलं ते असं: यंत्राने फक्त गठ्ठा बांधायचा. वर कुठला फोटो ठेवायचा हे माणूस सांगेल, आणि गठ्ठ्यातलं काहीच लपणार नाही.

२० जानेवारी

आजचा सगळा दिवस तारखांत गेला आणि अजून दोन जातील.

कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत एक्झिफची डेटटाइमओरिजिनल ही नोंद असते. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. नसतो तो टाइमझोन. तो लिहायची वेगळी जागा एक्झिफच्या २.३१ या आवृत्तीत, म्हणजे २०१६ साली आली, त्यामुळे आमच्या बहुतेक फोटोंत ती रिकामीच आहे. ही झाली बऱ्या फोटोंची गोष्ट. स्कॅन केलेल्या पानांवर तारीख आहे ती स्कॅन केल्याची. व्हॉट्सॲपच्या प्रतीत काहीच नाही, फक्त फाइलच्या नावात एक तारीख दिसते, आणि ती फोटो काढल्याची असेलच असं नाही. फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख तर सीडीवरून उतरवताना कुणाच्या तरी हातून पार बदलून गेली आहे.

बहुतेक गॅलऱ्या अशा वेळी जी मिळेल ती तारीख लावून मोकळ्या होतात. मग पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो मागच्या वर्षीच्या सहलीच्या मधोमध जाऊन बसतो आणि तिथे तो कुणालाही कधीच सापडत नाही. मला ते नको होतं. डेटाबेसात तारखेसाठी एकाऐवजी तीन रकाने केले: लवकरात लवकर कधी, उशिरात उशिरा कधी, आणि हे कशावरून कळलं. 'बाबा सहावीत होते' एवढंच माहीत असलं तरी त्यातून एक वर्षभराचा पट्टा निघतो. कालक्रम लावताना पट्ट्याचा मध्य धरते, आणि पडद्यावर मात्र तारखेच्या आधी 'साधारण' असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं.

एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं होतं हे योगायोगाने कळलं. एका फोटोत मागे भिंतीवरचं घड्याळ आहे, त्यात १० वाजून ४० मिनिटं झालीत. एक्झिफ म्हणतं १० वाजून ३. त्याच दिवशी फोनने काढलेल्या फोटोंशी ताडून पाहिलं, फरक तोच, ३७ मिनिटं. त्या कॅमेऱ्याच्या त्या वर्षीच्या ६१२ फोटोंना डेटाबेसात ३७ मिनिटांची भर घातली. फाइलीत जे चुकीचं आहे ते तसंच आहे. चूक हीसुद्धा त्या कॅमेऱ्याची खूण आहे, आणि उद्या माझा अंदाज खोटा निघाला तर परत फिरता आलं पाहिजे.

२८ जानेवारी

उभे फोटो आडवे दिसत होते, दुरुस्त केल्यावर उलटे दिसायला लागले. कारण सापडलं. फोटो कसा धरून काढला ते एक्झिफच्या ओरिएंटेशन या खुणेत १ ते ८ अशा आकड्याने लिहिलेलं असतं. ६ असेल तर उजवीकडे पाव फेरा फिरवून दाखवायचा. मी थंबनेल करताना पिक्सेल फिरवले, पण ६ ही खूण तशीच नव्या फाइलीत उतरली. अलीकडचे ब्राउझर ती खूण स्वतः वाचून चित्र फिरवतात. म्हणजे दोनदा फिरलं. थंबनेलमधून खूण काढून टाकली. काम दहा मिनिटांचं, शोधायला सकाळ गेली.

११ फेब्रुवारी

थंबनेल. सर्व्हर म्हणजे एक छोटा, बिनपंख्याचा संगणक, २ जीबी मेमरीचा. पहिल्या रात्री प्रोग्रॅम मधेच मेला. हिशेब केला तेव्हा उलगडलं: ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर आठ-नऊ एमबीचा दिसतो, पण उलगडला की प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरून ७२ एमबी होतो. बाबांनी ६०० डीपीआयने स्कॅन केलेलं ए-४ पान त्याहून मोठं, जवळजवळ १०४ एमबी. मधल्या प्रती धरल्या आणि चार कामं एकदम चालवली की २ जीबी कुठल्या कुठे जातात.

लिबव्हिप्स या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीवर आले आणि प्रश्न संपला. ते चित्र पूर्ण उलगडून बसत नाही, लागेल तेवढ्या पट्ट्यांनी काम करतं. जेपेगच्या बाबतीत तर आणखी सोय आहे: जेपेगचे ८ × ८ चे चौकोन वाचतानाच निम्म्या, पाव किंवा आठव्या हिश्शाने लहान करून घेता येतात. ३२० पिक्सेलच्या थंबनेलसाठी २ कोटी ४० लाख पिक्सेल उलगडायची गरजच उरत नाही. सगळे ४१ हजार एका रात्रीत झाले. तीन मापं ठेवली: ३२०, ८०० आणि १६००, तिन्ही वेबपी या चित्रस्वरूपात.

सकाळी पाहिलं तर एका फोनचे सगळे फोटो फिके. हिरवा मेलेला, कातडीचा रंग राखाडी. तो फोन डिस्प्ले-पी३ या रंगपटात फोटो साठवतो. माझ्या स्क्रिप्टने थंबनेल हलकं व्हावं म्हणून सगळी जास्तीची माहिती काढून टाकली, त्यात रंगपटाची प्रोफाइलही गेली. प्रोफाइल नसेल तर ब्राउझर ते आकडे एसआरजीबी या नेहमीच्या, लहान रंगपटाचेच आहेत असं धरतो, आणि तोच आकडा एसआरजीबीत कमी गडद रंग दाखवतो. आधी रंग एसआरजीबीत बदलून घ्यायचे, मगच प्रोफाइल काढायची. क्रम बदलला आणि झाडं परत हिरवी झाली. ज्याला रंगांची पर्वा आहे त्याने ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासावी, कारण फिकेपणा हळूच येतो आणि आपण 'जुना फोन होता' म्हणून तो खपवून घेतो.

३ मार्च

शोध. या प्रकल्पातलं मला सगळ्यात आवडलेलं काम, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे, शोधासाठी त्यातलीच एफटीएस५ ही मजकूर शोधण्याची सोय. पहिली चाचणी म्हणून 'काका' शोधलं. काकू आल्या, काकी आल्या, काका आले. 'मामा' शोधलं तर मामी. 'विहीर' शोधलं तर 'विहार' असलेला मजकूरही आला. आधी वाटलं की हे मुद्दाम सैल ठेवलं असेल. तसं नाही. एफटीएस५ शब्द कुठे तुटतो हे युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, वर्गवारीवरून ठरवतं. अक्षरं आणि अंक शब्दात धरायचे, बाकी सगळं म्हणजे शब्दाची हद्द. आणि आपले काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या लेखी 'अक्षर' नाहीत, 'मार्क' या वेगळ्या वर्गात आहेत. म्हणजे 'काका'चे झाले क आणि क. 'काकू'चेही क आणि क. सगळी बाराखडी सोलून नुसती व्यंजनं उरली होती.

उपाय एका ओळीचा आहे: टेबल बनवताना टोकनायझरला, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाला, सांगायचं की मार्कचे दोन वर्ग, एमएन आणि एमसी, हेही शब्दात धर. काका आणि काकू वेगळे झाले.

मग 'पायऱ्या'. आत्याने लिहिलेल्या ओळींत सापडतात, बाबांच्या ओळींत नाहीत, आणि दोन्ही पडद्यावर अगदी एकसारख्या दिसतात. बाइट उघडून पाहिले. आत्याच्या फोनचा कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त असं लिहितो. बाबांचा जुना कीबोर्ड साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. दोन्हींतून तोच ऱ्य उमटतो. आणखी तिसरा प्रकार सापडला, र खाली नुक्ता, तो फाइलींच्या नावांतून आला होता. तिसरा प्रकार युनिकोडच्या एनएफसी या जोडलेल्या, प्रमाण रूपात आणला की पहिल्यासारखा होतो. दुसरा होत नाही, तो हातानेच बदलावा लागतो. तीच कथा ॲ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी अ वर चंद्र काढून काम भागवत, आणि तो मजकूर अजून तसाच आहे. ऑफिसमधला ऑ कुणी आ वर चंद्र देऊनही लिहितं. शोधण्यापूर्वी या सगळ्या जोड्या एका रूपात आणणारं चाळीस ओळींचं फंक्शन लिहिलं.

शेवटचा अडसर व्याकरणाचा होता. 'विहीर' ही शब्दाची सुरुवात धरून शोधलं तरी 'विहिरीजवळ' सापडत नाही, कारण सामान्यरूपात ही ची हि होते. म्हणून शोधाच्या प्रतीत ऱ्हस्व-दीर्घ एकच केले. यामुळे शुद्धलेखनाचा संकोच बाळगणाऱ्यांनाही सापडायला लागलं, हा मोठा लाभ. 'घोडा' आणि 'घोड्यावर' अजून जुळत नाहीत. तसे नेहमीचे शब्द हळूहळू एका छोट्या यादीत घालते आहे.

यातला एकही बदल लिहिलेल्या मजकुरावर होत नाही. बाबांनी जसं लिहिलं तसंच ते दिसतं. बदल फक्त शोधाच्या नकलेत.

९ मार्च

शब्दखुणांच्या यादीत 'माळ' हा शब्द 'मावशी'च्या आधी येत होता. युनिकोडने ळ ला ल च्या शेजारी बसवलं आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. क्रम लावणारं छोटं फंक्शन लिहिलं: मावशी, माहेर, माळ. कुणाला फरक पडणार नाही कदाचित, पण यादी वाचताना आता अडखळायला होत नाही.

२४ मार्च

आत्या आली होती. लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला, एक फोटो आणि खाली लिहायची चौकट. चौकटीवर मी 'वर्णन' असं लिहिलं होतं. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काय लिहू गं? फोटोच आहे ना, दिसतंय की सगळं."

मग मी लॅपटॉप बाजूला घेतला आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "आत्या, ही कोण?" त्यानंतर ती पाऊण तास थांबली नाही. कुणाची सायकल आहे, ती कुणाकडून आणली होती, फोटो काढणारा कोण होता आणि तो स्वतः एकाही फोटोत का नाही. मी टाइप करायचं सोडून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्या रात्रीच पान बदललं. 'वर्णन' हा शब्द गेला. आता फोटोखाली एकावेळी एकच प्रश्न येतो: हे कोण? हे कुठे काढलं? काढलं कुणी? त्या वेळी आणखी काय चाललं होतं? उत्तर लिहा किंवा बोला. बोललेलं ध्वनिफितीच्या रूपात त्या फोटोशी जोडलं जातं, लिहून काढायचं काम मी नंतर करते.

'काढलं कुणी' हा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. आत्यामुळे सुचला, आणि जुन्या फोटोंत तोच माणूस सगळ्यात आधी हरवतो.

१४ एप्रिल

दूरच्या नातेवाइकांना दाखवायचं, म्हणून दार उघडण्याआधी कुलुपं.

पत्ते आतापर्यंत क्रमांकाने होते. ४०२१ पाहणाऱ्याने ४०२२ टाइप केलं की पुढचा फोटो समोर. ते बदलून प्रत्येक अल्बमला १२८ बिटांची यादृच्छिक किल्ली दिली, पत्त्यात ती २२ अक्षरांची दिसते. मग लक्षात आलं की पान लॉगिन मागतं, पण चित्राची फाइल थेट पत्त्यावरून कुणालाही मिळते आहे. आता चित्राची प्रत्येक मागणी आधी माझ्या प्रोग्रॅमकडे येते, परवानगी तपासली जाते, आणि फाइल देण्याचं काम तो एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट या हेडरने एनजिंक्स या वेब सर्व्हरवर सोपवतो. वेगात फरक जाणवला नाही.

रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे शोधयंत्रांच्या प्रोग्रॅमना काय वाचू नये ते सांगणारी फाइलही ठेवली आहे. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४मध्ये सुचवलेली ही पद्धत २०२२मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात रीतसर लिहिली गेली. पण ती पाळणं न पाळणं येणाऱ्या प्रोग्रॅमच्या मनावर आहे, तिच्यावर विसंबून काहीही उघडं ठेवू नये.

सगळ्यात जास्त काळजी जीपीएसची वाटली. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर चार आकडे असले की जागा साधारण ११ मीटरपर्यंत कळते, आणि फोन त्याहून जास्त आकडे लिहितात. घरात काढलेला मुलाचा एक फोटो म्हणजे घराचा पत्ता. बाहेर जाणाऱ्या कुठल्याही प्रतीत आता जागेची माहिती नसते. मूळ फाइल उतरवून घेणं फक्त घरातल्या पाच जणांना शक्य आहे. ज्या मुलांना अजून स्वतःचं मत सांगता येत नाही त्यांचे फोटो बाहेरच्या अल्बमांत ठेवलेच नाहीत. यावर घरात थोडी नाराजी झाली. मी बदलणार नाही.

२२ एप्रिल

काल दुपारी सर्व्हरची एसएसडी गेली. अचानक, काही इशारा न देता. मूळ फोटो दुसऱ्या डिस्कवर आहेत, ते सुखरूप. डेटाबेस एसएसडीवर होता. रोज पहाटे तीन वाजता त्याची नक्कल निघते, म्हणून मी निश्चिंत होते.

नवी डिस्क बसवली, नक्कल परत ठेवली, गॅलरी उघडली. परवा संध्याकाळी आत्याबरोबर बसून लिहिलेल्या ११८ टिपणांपैकी एकही नव्हतं.

कारण समजायला तीन तास लागले. डेटाबेस वॅल (डब्ल्यूएएल) पद्धतीने चालतो. नवं लिहिलेलं आधी शेजारच्या 'डब्ल्यूएएल' फाइलीत साठतं आणि ती ठरावीक आकाराची झाली की, नेहमीच्या मांडणीत १००० पानं, मुख्य फाइलीत उतरतं. माझी पहाटेची स्क्रिप्ट फक्त मुख्य फाइल उचलत होती. परवाची टिपणं शेजारच्या फाइलीत होती आणि ती एसएसडीबरोबर गेली. स्क्रिप्ट रोज 'नक्कल पूर्ण' असं लिहीत होती आणि ती खोटं बोलत नव्हती, तिने सांगितलेली फाइल नीट उचलली होती. चूक माझी आहे. चालू डेटाबेसाची फाइल अशी उचलायची नसते हे एसक्यूलाइटच्या माहितीपत्रात लिहिलेलं आहे.

रेकॉर्डिंग माझ्या फोनवर आहे. त्या संध्याकाळी आत्या जे बोलली ते त्यात मिळेल. पण मधेमधे रेकॉर्डिंग बंद होतं आणि ती नुसती सांगत होती, मी थेट लिहीत होते. तेवढं गेलं.

२३ एप्रिल

रेकॉर्डिंग ऐकून ८३ टिपणं परत लिहिली. ३५ उरतात. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

५ मे

इथून पुढे डेटाबेसाकडे मी वेगळ्या नजरेने बघते आहे. त्यात असं काहीही असता कामा नये जे दुसरीकडे कुठेच नाही.

प्रत्येक फोटोचं टिपण आता साध्या फाइलीत जातं. मूळ फोल्डराच्या शेजारी 'टिपणं' नावाचा फोल्डर, आत तीच रचना, तीच नावं, शेवटी फक्त एक्सएमपी. हे स्वरूप ॲडोबीने २००१ मध्ये आणलं, २०१२ मध्ये ते आयएसओ मानक झालं, आणि आत सगळा वाचता येण्याजोगा मजकूर असतो. माझा सर्व्हर, माझा कोड, मी, यातलं काहीच नसलं तरी कुठल्याही साध्या एडिटरात उघडून आत्याचं वाक्य वाचता येईल. टिपण जतन करताना आधी ही फाइल लिहिली जाते, डिस्कवर पोचल्याची खात्री होते, मग डेटाबेसात नोंद. पहाटेची नक्कल आता एसक्यूलाइटच्याच बॅकअप आज्ञेने निघते, शिवाय निघालेली नक्कल उघडून त्यातली टिपणं मोजली जातात. आकडा कालच्यापेक्षा कमी असेल तर मला निरोप येतो.

परीक्षा म्हणून डेटाबेस मुद्दाम पुसला. मूळ फाइली आणि टिपणांवरून सगळं नव्याने उभं करायला दोन तास पन्नास मिनिटं लागली, त्यातला बहुतेक वेळ हॅश काढण्यात. तारखांचे पट्टे, ३७ मिनिटांची दुरुस्ती, गठ्ठे, सगळं जागच्या जागी आलं. आता हे दर तीन महिन्यांनी करायचं.

प्रतींची मांडणीही सरळ केली: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरात. दुसऱ्या घरातली दादाकडे असते, तो दर महिन्याला अदलाबदल करतो.

१६ जून

महिन्याची तपासणी. तिन्ही प्रतींतल्या सगळ्या फाइलींचे हॅश जानेवारीतल्या हॅशशी ताडले. दादाकडच्या डिस्कवर दोन फाइली जुळल्या नाहीत. आकार तोच, तारीख तीच, आत काहीतरी बदललेलं.

त्यातली एक उघडून पाहिली. वरचा तिसरा हिस्सा व्यवस्थित, तिथून खाली सगळं चित्र जांभळट आणि थोडं सरकलेलं. जेपेगमध्ये प्रत्येक चौकोनाची सरासरी उजळी आधीच्या चौकोनापासूनचा फरक म्हणून लिहिलेली असते, आणि हे सगळं एका सलग प्रवाहात. मधे एक बिट उलटला तरी पुढचे सगळे चौकोन चुकीच्या पायावर उभे राहतात. दोन्ही फाइली चांगल्या प्रतीवरून परत घेतल्या. ती डिस्क बदलायची.

हॅश नसते तर ही जांभळी प्रतच पुढच्या नकलांमध्ये उतरत गेली असती.

७ जुलै

वेगाची किरकोळ कामं. ब्राउझरला तिन्ही मापं सांगून पडद्याप्रमाणे निवडू द्यायचं, खालचे फोटो तिथे पोचल्यावरच मागवायचे, चित्राची लांबी-रुंदी आधीच सांगायची म्हणजे पान उड्या मारत नाही. थंबनेलच्या पत्त्यात हॅश असल्याने ती एकदा आली की ब्राउझरने पुन्हा विचारायचीच नाहीत. जुन्या फोनवरही वर्षाचं पान पटकन उघडतं.

न संपणारं पान मात्र केलं नाही. एका वर्षाचं एक पान, खाली पोचलं की संपलं. आत्याला तळ लागतो हे आवडतं.

१८ ऑगस्ट

आत्याला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग विचार की परत, मी आहे ना."

३५ फोटो एकेक करून समोर ठेवले, या वेळी रेकॉर्डिंग एकदाही बंद केलं नाही. २९ ची टिपणं झाली. चार फोटोंतली माणसं तिला आज आठवली नाहीत, तेव्हा आठवली होती. दोन फोटोंवर ती म्हणाली, उद्या बघू.

एप्रिलमध्ये ज्याचं टिपण रेकॉर्डिंगमधून परत लिहिलं होतं असाही एक फोटो मधे आला, पायऱ्यांवर बसलेल्या तिघांचा. तेव्हा तिने मधला मुलगा म्हणजे तिचा थोरला भाऊ असं सांगितलं होतं. आज म्हणाली, शेजारचा मुलगा, भाऊ तर फोटो काढत होता. मी आधीचं टिपण वाचून दाखवलं. तिने पुन्हा निरखून पाहिलं. "आजचं लिही," म्हणाली, "पण ते पुसू नकोस."

टिपणांची रचना रात्री बदलली. नवं लिहिलं की जुनं पुसलं जात नाही. एका फोटोखाली कितीही टिपणं, प्रत्येकाला सांगणाऱ्याचं नाव आणि सांगितल्याची तारीख. पायऱ्यांच्या फोटोखाली आता दोन आहेत, एप्रिलचं आणि आजचं, आणि 'काढलं कुणी' या रकान्यात पहिल्यांदाच एक नाव आहे.